मनावरचे घाव, पुस्तकात आणि पडद्यावर: नव्या वाचक-प्रेक्षकांसाठी वाटाड्या

हिंदी सिनेमा बघत वाढलेल्या माणसाला मानसिक आघात ओळखणं फार सोपं वाटतं. बाहेर वीज कडाडते, नायिका कानांवर हात ठेवून किंचाळते, पडदा काळापांढरा होतो आणि लहानपणीची ती एक घटना दिसते. डोक्याला मार लागला की स्मृती जाते, शेवटच्या मारामारीत दुसरा मार लागला की परत येते. याची टिंगल करायला फार अक्कल लागत नाही. पण या सगळ्यामुळे आपल्याला एकच प्रश्न विचारायची सवय लागली आहे: "हिच्या बाबतीत नेमकं झालं काय होतं?" ते कळलं की गोष्ट कळली, असं आपण धरून चालतो.

कथा, कादंबरी, नाटक, सिनेमा यांत आघात कसा येतो हे नव्याने समजून घेऊ पाहणाऱ्यांना ही सवय आधी मोडावी लागते. काय झालं हे बहुतेक वेळा लेखक स्वतःच सांगून टाकतो, त्यासाठी त्याला आपली मदत नको असते. सांगताना गोष्ट कुठे अडखळते, कुठे गप्प बसते आणि ती कोणापुढे सांगितली जाते, हे बघायला लागलो की आपलं काम सुरू होतं. खाली पायऱ्या दिल्या आहेत. त्याच क्रमाने जायला हवं असं नाही, पण दुसरी पायरी चुकवू नका. आणि हो, शेवट सांगितल्याशिवाय यातलं काहीच बोलता येत नाही. त्यामुळे ज्यांना शेवट आधी कळलेला चालत नाही त्यांनी कलाकृती आधी बघून-वाचून घ्याव्यात.

पायरी १: सगळ्याच दुःखाला आघात म्हणू नका

हल्ली परीक्षेत कमी मार्क पडले तरी पोरं "ट्रॉमा झाला" म्हणतात. बोलण्यात ठीक आहे. पुस्तक हातात घेताना मात्र फरक करावा लागतो. प्रेमभंग, विरह, घरातल्या माणसाचा मृत्यू ही दुःखं आहेत आणि साहित्याचा अर्धा संसार त्यांच्यावरच चालतो. मनाचा आजार ही पुन्हा वेगळी गोष्ट. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) स्किझोफ्रेनियाबद्दल आहे, 'कासव' (२०१६) नैराश्याबद्दल. या दोन्हींत एखादी दडलेली जुनी घटना हुडकत बसलात तर सिनेमा हातचा जाईल. आजाऱ्यासोबत राहायचं कसं, हा त्यांचा प्रश्न आहे.

आघात म्हणजे असा प्रसंग की तो घडताना मनाला पेललाच नाही. पेलला नाही म्हणून तो 'होऊन गेलेला' होत नाही. तो नंतर परत येत राहतो: स्वप्नात, एखाद्या आवाजाने, वासाने, अंग अचानक आखडण्यात. माणूस त्याची आठवण करतो असं म्हणण्यापेक्षा आठवणच माणसाला गाठते, हे जास्त खरं.

वैद्यकाने ही गोष्ट फार उशिरा मान्य केली. पहिल्या महायुद्धात थरथरणाऱ्या, वाचा गेलेल्या सैनिकांबद्दल चार्ल्स मायर्स या डॉक्टरने १९१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं आणि 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय छापील मजकुरात आला. सैन्याचा खाक्या मात्र वेगळा होता. पळून जाणं, भ्याडपणा अशा आरोपांखाली ब्रिटनने आपल्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतल्या ३०६ जणांना माफी मिळाली २००६ साली, म्हणजे ती ऐकायला कोणी जिवंत नसताना. त्यांतले कितीतरी जण आज आपण ज्याला आघात म्हणतो त्याचेच बळी होते, असं मानलं जातं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या डॉक्टरांनी रेटा लावल्यावर, १९८० साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत आघातोत्तर विकाराला स्वतःची जागा मिळाली. लेखक मंडळी त्याच्या कितीतरी आधी तिथे पोचली होती, हे पुढे दिसेलच.

पायरी २: एक छोटी गोष्ट दोनदा वाचा

जाडजूड कादंबरीपासून सुरुवात करू नका. उर्दू कथाकार सआदत हसन मंटोची 'खोल दो' घ्या. चार-पाच पानांची आहे, देवनागरीत सहज मिळते. मंटो मुंबईच्या सिनेमाधंद्यात काम करून १९४८च्या सुरुवातीला लाहोरला गेला, आणि फाळणीच्या त्या धगीत त्याने ही लिहिली.

अमृतसरहून सुटलेली निर्वासितांची गाडी लाहोरच्या मुघलपुऱ्याला पोचते. छावणीत म्हातारा सिराजुद्दीन शुद्धीवर येतो आणि आपली मुलगी सकीना जवळ नाही हे त्याच्या ध्यानात येतं. पळताना तिची ओढणी पडली होती, ती उचलायला तो थांबला होता. ती ओढणी आता त्याच्या कोटाच्या खिशात आहे, मुलगी नाही. मदतकार्य करणारे काही सशस्त्र तरुण ट्रक घेऊन हरवलेल्यांना शोधायला जात असतात. तो त्यांना मुलीचं वर्णन सांगतो. त्यांना ती सापडते. ओढणी नसल्यामुळे ती हातांनी छाती झाकून घेते, तेव्हा त्यांच्यातला एक जण आपला कोट काढून तिला देतो. पुढे बरेच दिवस सिराजुद्दीनला काही कळत नाही. तरुण भेटले की म्हणतात, कळेल, कळेल. एका संध्याकाळी रेल्वेरुळांजवळ बेशुद्ध सापडलेल्या मुलीला दवाखान्यात आणतात. ती सकीनाच असते. डॉक्टर सिराजुद्दीनला म्हणतो, "खिडकी खोल दो." मेल्यासारख्या पडलेल्या सकीनाचे हात हलतात, सलवारीची नाडी सोडतात आणि सलवार खाली सरकवतात. म्हातारा आनंदाने ओरडतो, माझी मुलगी जिवंत आहे. डॉक्टर घामाने निथळतो.

आता लगेच दुसऱ्यांदा वाचा. या वेळी हातात पेन्सिल घ्या आणि गोष्टीत जे *लिहिलेलं नाही* तिथे खूण करा. सकीना त्या ट्रकमध्ये बसल्यापासून रुळांजवळ सापडेपर्यंतच्या दिवसांबद्दल मंटो एक ओळ लिहीत नाही. बलात्कार हा शब्द नाही, आरोप नाही, 'नराधम' वगैरे विशेषण तर अजिबात नाही. जे झालं त्याची साक्ष फक्त तिच्या हातांनी दिली आहे, आणि हातांना आपण साक्ष देतोय हे ठाऊक नाही. दोन शब्द कानावर पडले की शरीर हुकूम पाळतं. हे दोन शब्द तिने किती वेळा ऐकले असतील, याचं गणित मंटोने आपल्या गळ्यात टाकलं आहे.

दुसऱ्या वाचनात आणखी एक गोष्ट होते. कोट काढून देणारा तो तरुण पहिल्या खेपेला भला माणूस वाटला होता. आता त्याच ओळी वाचवत नाहीत. गोष्टीतलं एक अक्षर बदललेलं नाही, तरी मागची सगळी पानं बदलली आहेत. आघाताची चांगली कलाकृती ओळखायला ही खूण फार उपयोगी पडते: तिला दुसऱ्यांदा वाचल्याशिवाय पहिल्यांदा वाचल्यासारखं होत नाही.

शिवाय त्या खोलीत बघणारे दोघे आहेत. हालचाल एकच, पण बापाला त्यात जीव दिसतो आणि डॉक्टरला काय घडलं ते दिसतं. आपल्याला कोणाच्या जागी उभं केलं आहे, हा प्रश्न स्वतःला विचारा. माझ्या मते आपण डॉक्टरच्या जागी असतो, आणि बापाची चूक काढायची आपली छाती होत नाही.

पायरी ३: घड्याळाकडे लक्ष ठेवा

आघात झालेल्या माणसाचा काळ सरळ चालत नाही. म्हणून गोष्ट सांगणाऱ्यालाही काळाशी काहीतरी खटाटोप करावाच लागतो. वाचताना समासात साध्या खुणा करा: इथे 'आत्ता', इथे 'तेव्हा'. मग बघा, आत्तातून तेव्हात जाताना काय निमित्त झालं.

व्हर्जिनिया वूल्फची 'मिसेस डॅलोवे' (१९२५) एका दिवसात घडते, १९२३च्या जूनमधल्या. लंडनच्या रस्त्यावर एका मोटारीचा बार उडाल्यासारखा आवाज होतो. क्लॅरिसा डॅलोवे फुलांच्या दुकानात आहे. ती दचकते आणि पुढे कामाला लागते. गर्दीत सेप्टिमस वॉरन स्मिथ नावाचा तरुण उभा आहे. तो युद्धावरून परतला आहे, त्याचा मित्र इव्हान्स युद्ध संपायच्या जरा आधी मारला गेला आहे. तोच आवाज त्याच्या कानी पडतो आणि त्याच्यासाठी सगळं जगच पेट घेतल्यासारखं थरथरू लागतं. एकच आवाज दोघांनी ऐकला आणि दोघांचे दिवस वेगळे झाले. पुढे डॉक्टर होम्स सांगत राहतो की याला काही झालेलं नाही. तोच डॉक्टर शेवटी घरात घुसू पाहतो तेव्हा सेप्टिमस खिडकीतून उडी टाकतो आणि होम्स ओरडतो, "भेकड!" वर सांगितलेल्या त्या गोळ्या घातलेल्या सैनिकांची माफी अजून ८० वर्षं दूर होती.

कर्ट व्हॉनेगटने वेगळी युक्ती केली. १९४५च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरावर बॉम्बचा वर्षाव झाला तेव्हा तो तिथे युद्धकैदी होता. त्यावरची त्याची 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' छापून आली १९६९ साली, आणि पहिलं प्रकरणच 'मला हे लिहिता का येत नव्हतं' याबद्दल आहे. त्याचा नायक काळातून निसटतो: म्हातारपणातून कैदेत, कैदेतून लग्नात, लग्नातून परग्रहावर. विज्ञानकथा म्हणून वाचलीत तर गंमत वाटेल. पण त्याला कुठल्या क्षणी कुठे जायचं यावर त्याचा ताबा नाही, इकडे लक्ष द्या. तिथे गंमत संपते.

सिनेमात हेच फ्लॅशबॅकवरून तपासायचं. धंदेवाईक सिनेमात फ्लॅशबॅक येतो तो प्रेक्षकाला माहिती द्यायला, आणि कथेच्या सोयीने येतो. 'मँचेस्टर बाय द सी' (२०१६) मध्ये ली वकिलाच्या खोलीत बसलाय, मेलेल्या भावाचं मृत्युपत्र ऐकतोय. वकील पुतण्याच्या पालकत्वाबद्दल व्यवहाराचं बोलतोय आणि त्या बोलण्याला फोडून लीच्या चुकीने घर पेटून त्याची मुलं गेली ती रात्र पडद्यावर घुसते. वकिलाला यातलं काही दिसत नाही, तो बोलतच राहतो. हा फ्लॅशबॅक आपल्या सोयीचा नाही आणि लीच्या तर नाहीच नाही. प्रत्येक फ्लॅशबॅकला एवढंच विचारा: हा बोलावून आला की न बोलावता?

पायरी ४: गप्पपणा ऐका

गोविंद निहलानींचा 'आक्रोश' (१९८०), पटकथा विजय तेंडुलकरांची. लहान्या भिकू या आदिवासी माणसावर बायकोच्या खुनाचा खटला चालू आहे. भास्कर कुलकर्णी हा तरुण वकील त्याची बाजू मांडायला नेमला आहे. आणि लहान्या बोलत नाही. ओम पुरींनी ही भूमिका केली आहे. जुन्या आठवणींचे प्रसंग सोडले तर सबंध सिनेमाभर त्यांच्या तोंडी एक वाक्य नाही. वकील चिडतो, विनवतो, आर्जवं करतो. त्याची धडपड प्रामाणिक आहे, पण तो सारखं एकच मागतो: बोल, म्हणजे मी तुला वाचवतो. बायकोला नासवणारे आणि मारणारे गावातले बडे लोक आहेत, आणि बोलण्याची किंमत कोण मोजणार हे लहान्याला वकिलापेक्षा बरोबर कळतं. मागे घरात बाप, लहान मूल, वयात आलेली बहीण आहे.

शेवटी बापाच्या अंत्यविधीसाठी त्याला बेड्यांत आणतात. तिथे बहिणीकडे बघणाऱ्यांच्या नजरा त्याला दिसतात. तो कुऱ्हाड उचलतो आणि त्या बहिणीलाच मारतो. मग तोंड वर करून ओरडतो. इतका वेळ दाबलेला आवाज फुटला म्हणून आपल्याला मोकळं वाटायला हवं होतं. तसं होत नाही. 'मनातलं बोललं की हलकं वाटतं' ही समजूत इथे साफ उताणी पडते.

या पायरीवर एक सोपा प्रयोग करता येतो. सिनेमा बघताना आवाज कुठे काढून घेतलाय ते टिपा. 'सैराट'चा (२०१६) शेवट सगळ्यांनी पाहिला आहे: लहान मूल घरात येतं, आणि परत निघतं तेव्हा फरशीवर पावलांचे लाल ठसे उमटतात. तिथे नागराज मंजुळेंनी संगीत तर सोडाच, मुलाच्या रडण्याचाही आवाज ठेवलेला नाही. त्याच सिनेमाच्या पूर्वार्धात अजय-अतुलच्या गाण्यांनी थिएटरं नाचत होती, हे आठवा. एवढा गोंगाट आधी करून ठेवल्याशिवाय ती शांतता इतकी लागली नसती.

पायरी ५: हे ऐकतंय कोण?

मला विचाराल तर सगळ्यांत महत्त्वाची पायरी ही. आणि नेमकी हीच बहुतेक परीक्षणांत गळते.

तेंडुलकरांचं नाटक 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) घ्या. हौशी नाटक मंडळी एका गावात प्रयोगाला आली आहेत. वेळ घालवायला म्हणून खोटा खटला भरवतात आणि गंमत म्हणून लीला बेणारेला आरोपी करतात. हसत-खिदळत चाललेला खेळ हळूहळू तिच्या खऱ्या आयुष्यावर घसरतो. ती अविवाहित आहे, पोटात मूल आहे, आणि त्या मुलाचा बाप त्या दिवशी सोयीस्करपणे गैरहजर आहे. शेवटी आरोपीला स्वतःच्या बचावासाठी बोलायला वेळ दिला जातो आणि बेणारेचं ते प्रसिद्ध स्वगत येतं. कोवळ्या वयात सख्ख्या मामाने काय केलं, घरच्यांनी दोष कोणाला दिला, आपण जीव द्यायला कशा निघालो होतो, सगळं ती सांगते.

मराठी रंगभूमीवरच्या कित्येक अभिनेत्रींनी हे स्वगत स्पर्धांत गाजवलं आहे. सुटं केलं की ते टाळ्यांचं भाषण होतं. पण नाटकात ते चालू असताना बाकीची पात्रं पुतळ्यांसारखी गोठलेली असतात. ती बोलते ते त्यांतल्या एकाच्याही कानी जात नाही. वेळ संपल्यावर कोर्ट जणू काही ऐकलंच नाही अशा थाटात निकाल देतं. म्हणजे ती खरंच बोलली, की मनातल्या मनात? तेंडुलकरांनी ते उघडं ठेवलं आहे. ऐकलं फक्त प्रेक्षकांनी, आणि प्रेक्षक मध्ये पडू शकत नाहीत. संहिता वाचताना स्वगताच्या आधी आणि नंतरचं एकेक पान मोठ्याने वाचा. दोन पानं सलग जुळतात. मधलं स्वगत काढून टाकलं तरी कोर्टाचं काही अडत नाही. सगळी मेख त्या जुळण्यात आहे.

ऐकणारा बाहेर मिळत नसेल तर माणूस तो आतून तयार करतो. दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) याचा नमुना आहे. सांगणारा दगडू मारुती पवार, आणि तो ऐकवतोय दया पवारला. दोघं एकच. एक महारवाड्यात वाढलेला, दुसरा शिकून-सवरून शहरात लेखक झालेला. सरळ 'मी' म्हणून लिहायला पवारांना कोणी अडवलं नव्हतं. पण जे सोसलं ते एका 'मी'मध्ये मावत नाही, आणि शहाण्या पांढरपेशा 'मी'ला त्यातलं काही ऐकायची लाजही वाटते. आत्मचरित्राची ही रचना चमत्कृती म्हणून बघू नका. जे फाटलंय ते फाटलेलंच दाखवलं आहे.

पायरी ६: मारणाऱ्या हाताकडेही बघा

आघात फक्त सोसणाऱ्याला होतो असं नाही. या वाटेवर मात्र जपून पावलं टाकायची, कारण इथे सहानुभूतीच्या नावाखाली गुन्हेगार सुटायला वेळ लागत नाही.

'अर्धसत्य' (१९८३) एस. डी. पानवलकरांच्या 'सूर्य' या मराठी कथेवर उभा आहे. पटकथा पुन्हा तेंडुलकरांची, दिग्दर्शन निहलानींचं. फौजदार अनंत वेलणकरचा बापही पोलिसात होता आणि घरी आईला मारायचा. लहानगा अनंत बघत उभा असायचा, मध्ये पडायची ताकद नव्हती. मोठा झाल्यावर त्याच्या हातात दंडुका आला. दरोडेखोर पकडल्याचं श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याला जातं, त्या अपमानात पिऊन तो कोठडीतल्या एका भुरट्या चोराला मारतो आणि तो मरतो. वेलणकर त्या क्षणी बाप झालेला असतो. सिनेमा हे दाखवतो पण त्याला माफ करत नाही. त्याचं लहानपण कळल्याने तो चोर काही उठून बसत नाही. तुम्ही जी कलाकृती बघताय ती या कसोटीला लावा: मारणाऱ्याचं दुःख दाखवताना मेलेल्याला विसरली का? हल्लीच्या खुनी-नायकांच्या बऱ्याच वेब मालिका इथे गारद होतील.

आठवणीच खोट्या निघाल्या तर काय, यासाठी आरी फोलमनचा 'वॉल्ट्झ विथ बशीर' (२००८) बघा. हा अॅनिमेशनपट आहे आणि माहितीपटही. दिग्दर्शक १९८२च्या लेबनॉन युद्धात इस्रायली सैनिक होता, पण साब्रा आणि शातिला छावण्यांतल्या पॅलेस्टिनींच्या कत्तलीच्या वेळचं त्याला काही आठवत नाही. सुरुवातीला त्याचा मित्र आपलं स्वप्न सांगतो: २६ कुत्री मागे लागतात. २६च का? कारण गावात शिरताना भुंकून सावध करतील म्हणून कुत्र्यांना मारायचं काम त्याच्याकडे होतं, माणसांवर गोळी झाडणं त्याला जमत नव्हतं, आणि त्याने मारलेली कुत्री मोजून २६ होती. सगळा सिनेमा चितारलेला आहे आणि अगदी शेवटी चित्रं थांबून त्या छावणीचं खरं चित्रण येतं. इतका वेळ रेषा आणि रंगांनी आपल्याला आणि दिग्दर्शकाला वाचवलं होतं, हे तेव्हा कळतं. या सिनेमावर एक आक्षेपही घेतला जातो आणि तो मला पटतो: ज्यांची कत्तल झाली त्या पॅलेस्टिनींना यात जवळजवळ तोंडच नाही, बोलतात ते सैनिकच. पाचव्या पायरीवरचा प्रश्न इथे उलटा करून विचारायचा.

पायरी ७: बरं होण्याची घाई तपासा

'डिअर जिंदगी' (२०१६) ने गोव्यातल्या समुद्राकाठी नायिकेला मानसोपचारतज्ज्ञापाशी बसवलं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही हे लाखो घरांत पोचवलं. एवढं श्रेय त्याला रोख द्यायला हवं. पण रचना जुनीच आहे. लहानपणी आईबापांनी आजी-आजोबांकडे ठेवलं, ती गाठ सापडली, रडू आलं, गाठ सुटली. हिंदी सिनेमात कारण सापडणं आणि बरं होणं यांत दहा मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडत नाही. 'मँचेस्टर बाय द सी'मधला ली शेवटाकडे पुतण्याला सांगतो की माझ्याच्याने हे होत नाही, आणि सिनेमा ते ऐकून घेतो. पुतण्याची सोय लागते, ली तसाच राहतो. मला हा शेवट जास्त माणुसकीचा वाटतो. सगळ्यांना वाटेलच असं नाही.

पायरी ८: एकदाच झालं की रोज होतंय?

पाश्चात्त्य विद्यापीठांत १९९०च्या दशकात आघाताचा सिद्धान्त फार गाजला. कॅथी कारुथ यांचं त्यावरचं पुस्तक १९९६चं. न पेललेली घटना मागाहून परत येते, भाषा तिथे तोकडी पडते, असा त्याचा गाभा. युद्ध, नरसंहार, अपघात यांना तो चपखल बसतो. पण त्यात एक गृहीत आहे: आधी सगळं ठीक होतं, मग काहीतरी घडलं.

'फँड्री' (२०१३) मधल्या जब्याच्या आयुष्यात असं 'आधी' कुठे आहे? गावात डुकरं धरण्याचं काम त्याच्या घराकडे आलेलं आहे. शेवटी सगळं घर डुकरामागे पळतंय, वर्गातली पोरं कडेला बसून हसतायत, मोबाइलवर फोटो काढतायत, आणि जिच्यावर त्याचा जीव आहे ती शालूही बघणाऱ्यांत आहे. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. हाताशी आलेलं डुक्कर सोडून हे लोक ताठ उभे राहतात. मग ज्या भिंतीवर फुले-आंबेडकरांची चित्रं आहेत तिच्यासमोरून मारलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन जातात. यात 'परत येणारी आठवण' नाही. उद्या सकाळी हेच पुन्हा आहे. आणि भाषा तोकडी पडते असंही म्हणता येत नाही, कारण जब्याच्या हातात दगड आहे आणि तो त्याने सरळ कॅमेऱ्यावर भिरकावला आहे.

तेव्हा दलित आत्मकथनं, भटक्या-विमुक्तांची लेखनं, स्त्रियांची आत्मचरित्रं वाचताना 'ती एक घटना' शोधू नका. तिथे दिनक्रम वाचा: पाणी कुठून आणलं, कोणत्या वाटेने गेले, हाक काय मारली गेली. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' (१९८०) आणि शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' (१९८४) या दृष्टीने वाचून पाहा. मोठे प्रसंग त्यांत आहेतच, पण हाड मोडतं ते बारक्या-बारक्या रोजच्या गोष्टींनी.

बसायचं कसं, कोणाबरोबर

हे सगळं एका बैठकीत उरकू नका. रात्री उशिरा, एकट्याने, एकामागून एक तर नकोच. पुस्तकाला एक सोय असते, मिटून ठेवता येतं. सिनेमालाही पॉज आहे, तो दाबायला संकोच कसला? एखादा प्रसंग स्वतःच्या अनुभवाजवळ जाणारा असेल तर आधी सारांश वाचून मग ठरवा. बघताना श्वास अडकणं, झोप उडणं, जुनं काही वर येणं असं होऊ लागलं आणि ओसरेना, तर ते रसग्रहणाच्या पलीकडचं आहे. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

गटाने बघणार असाल, म्हणजे फिल्म सोसायटी, कॉलेजचं मंडळ किंवा सोसायटीतल्या चार मैत्रिणी, तर दोन पथ्यं पाळा. कोणालाही "तुला असं काही झालंय का?" विचारायचं नाही. आणि पात्राचं निदान करायचं नाही. "याला अमुक डिसऑर्डर आहे" असं एकाने म्हटलं की चर्चा तिथेच आटोपते, सगळे मान डोलावतात आणि चहा मागवतात. त्यापेक्षा प्रत्येकाने एक ठिकाण सांगावं जिथे त्याला नजर वळवावीशी वाटली. तिथून बोलणं आपोआप पुढे जातं.

वहीत फार लिहायची गरज नाही. प्रत्येक कलाकृतीसाठी चार ओळी पुरेत: काय दाखवलं नाही, काळ कुठे मोडला, कोण ऐकत होतं, शेवटी कोणाचं काय राहिलं.

क्रम विचाराल तर मी असा लावेन. आधी 'खोल दो'. मग 'शांतता! कोर्ट चालू आहे'ची संहिता, शक्य झालं तर प्रयोग. त्यानंतर 'आक्रोश' आणि 'अर्धसत्य' लागोपाठच्या आठवड्यांत, कारण एकात ओम पुरी गप्प आहेत आणि दुसऱ्यात त्यांचा राग आवरत नाही, आणि दोन्ही एकमेकांवर उजेड टाकतात. मग विश्राम बेडेकरांची 'रणांगण'. हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यूंना घेऊन निघालेल्या बोटीवरची ही मराठी कादंबरी १९३९ची आहे. छळछावण्यांच्या कहाण्या जगाला कळायच्या कितीतरी आधीची. त्या बोटीवरच्या ज्यू हॅर्टाचं हसणं आणि एकाएकी काळवंडणं वाचताना पायरी ३ आठवा. 'मिसेस डॅलोवे' थोडी सवय झाल्यावर घ्या, पहिली वीस-तीस पानं जड जातात. 'बलुतं' शेवटी, आणि ते संपल्यावर 'फँड्री' दुसऱ्यांदा लावा.